फळ्यावर राहिलेला बिल्ला

माझे धाकटे दीर नेमके कोणत्या खात्यात नोकरी करतात, हे गेल्या मार्चपासून मला सांगता येत नाही. त्यांनाही येत नाही.

बावीस वर्षं ते शहराची अ‍ॅम्ब्युलन्स चालवत आले. नव्या ड्रायव्हरला शिकवताना ते मागच्या स्ट्रेचरवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवत आणि गावभर गाडी फिरवून आणायला सांगत. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे खात्यात त्यांना सगळे 'पेला' म्हणतात. माझे यजमान गेल्यापासून भाऊजी मंगळवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून दोनदा माझ्याकडे चहाला येतात. ते जे बोलतात ते मी त्याच दिवशी रोजनिशीत उतरवते, म्हणून पुढच्या तारखा पक्क्या आहेत.

चार मार्चला हुकूम आला की शहराच्या सगळ्या अ‍ॅम्ब्युलन्स आता अग्निशमन दलाच्या. गाड्या रुग्णालयामागच्या पत्र्याच्या शेडमधून निघून फायर स्टेशनात बंबांच्या शेजारी उभ्या राहिल्या. भाऊजींना पँट दलाची मिळाली, शर्ट आरोग्य खात्याचाच राहिला. डिझेल दलाकडून, औषधं रुग्णालयातून. रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा, हे विचारायला ते तीन खिडक्या फिरले आणि शेवटी रजाच घेतली नाही. गाडीतली नर्स मात्र रुग्णालयाचीच राहिली. एकाच गाडीत पुढे एक खातं आणि मागे दुसरं, हे मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून लिहिलं आहे. बंबवाले सकाळी सातला ओळीत उभे राहून हजेरी देतात, तशी यांनाही द्यावी लागे. "या वयात पुन्हा शाळेत घातलं, वहिनी," असं ते म्हणत, पण वेळेवर जात.

अकरा जून, मंगळवार. त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. काय झालं ते मला शुक्रवारी कळलं.

सकाळी पावणेदहाला एका शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. इमारत तीन मजली, धूर पहिल्या मजल्यावर. दोन बंब पुढच्या रस्त्यावर लागले. भाऊजींनी गाडी मागच्या गल्लीत घेतली, कारण स्ट्रेचर उतरवायला तिकडचा जिना रुंद होता. गाडी लावून ते पुढे आले, तिथे फळा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आपला दलाचा बिल्ला दिला आणि पुढच्या जिन्याने वर गेले. इस्त्रीवर काम करणारी एक बाई पायऱ्यांवर बसून खोकत होती. तिला धरून ते मागच्या जिन्याने खाली आले, नर्सने तिच्या तोंडावर मास्क लावला, दार बंद झालं आणि गाडी निघाली. पेशंट आत आला की निघायचं, कोणाची परवानगी मागायची नाही. बावीस वर्षं ते हेच करत आले होते.

पुढच्या बाजूला आग विझली. अधिकाऱ्याने माणसं मोजायला घेतली. दलाची पद्धत अशी की आगीच्या जागी पोचल्यावर प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावर लावायला द्यायचा आणि निघताना काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला फळ्यावर, तो अजून आत आहे असं धरायचं. सगळ्यांनी आपापले घेतले. एक राहिला, भाऊजींचा. त्यांना जिना चढताना पाहिलेले दोघे होते, उतरताना पाहिलेलं कोणी नव्हतं. गाडीचा वायरलेस अजून रुग्णालयालाच जोडलेला, त्यामुळे हाक मारायचीही सोय नव्हती. अधिकाऱ्याने दोन माणसं पुन्हा आत पाठवली.

ती दोघं धुरात खोल्या शोधत असताना कापडाची एक जळकी मांडणी कोसळली. त्यातल्या उंच जवानाचा, ज्याला सगळे लंबू म्हणतात, डावा हात भाजला.

पेशंटला सोडून भाऊजी पावणेअकराला परत आले तेव्हा लंबूला त्यांच्याच गाडीत बसवण्यात आलं. मागे वळून भाऊजींनी विचारलं, काय रे, कशात हात घातलास? तो म्हणाला, "तुम्हालाच शोधत होतो."

सात दिवसांत लेखी खुलासा द्या, अशी नोटीस आली. खुलासा पटला नाही तर गाडीवरून काढून निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं स्टोअरमध्ये. तिथे काय करतात, असं मी विचारलं. "पाइप गुंडाळतात आणि पुन्हा उलगडतात," ते म्हणाले. गाडीशिवाय या माणसाची कल्पना मला करता येत नव्हती.

माझं अक्षर चांगलं म्हणून खुलासा मी लिहावा असं ठरलं. ते सांगू लागले: सदर नियमाची मला कोणतीही कल्पना देण्यात आलेली नव्हती. एवढं लिहून माझा पेन थांबला. काहीतरी आठवत होतं. मी उठून रोजनिशी काढली. दोन एप्रिल: 'भाऊजी चहाला आले. पितळी बिल्ला दाखवला. पोचल्यावर द्यायचा, निघताना घ्यायचा. म्हणाले, चप्पल ठेवायला दिल्यावर टोकन मिळतं तसं. आगीत शिरणाऱ्यांसाठी असेल. खूप हसले.'

मी पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"वहिनी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"तुम्ही सांगाल ते लिहीन, भाऊजी. पण सही करण्याआधी तुम्हाला हे ठाऊक असावं."

माझं मलाच कळत नव्हतं की मी त्यांचं भलं करते आहे की वाटोळं. त्यांना नियम सांगितला होता, हे खरं. त्यांना तो कळला नव्हता, हेही खरंच.

"बावीस वर्षांत मी परत आलो की नाही हे कोणी कधी मोजलं नाही," ते म्हणाले. "मी राहिलो तर मला शोधायला कोणी आत येईल, हे डोक्यातच आलं नाही हो. हे असलं खुलाशात चालतं का?"

चालतं की नाही ते मलाही माहीत नव्हतं. मी आधीचं वाक्य खोडलं आणि हे लिहिलं. नियम दोन एप्रिलला सांगितला गेल्याचंही लिहिलं. कोणत्या कचेरीचा अधिकार आहे याची खात्री नसल्याने दोन प्रती केल्या. आरोग्य खात्याने आपली प्रत 'आमच्याशी संबंध नाही' असा शेरा मारून परत पाठवली.

दलाचा निकाल नऊ जुलैला आला. एक महिना गाडी बंद. त्या महिन्यात प्रत्येक आगीच्या जागी फळा धरून उभं राहायचं, बिल्ले घ्यायचे आणि परत द्यायचे. दहा ऑगस्टपासून पुन्हा गाडी. ही शिक्षा आहे की बढती, असं त्यांनी मला विचारलं. मी कागद दोनदा वाचला. दोन्हींपैकी एकही शब्द त्यात नव्हता.

काल चहाला आले तेव्हा फळा धरल्याच्या पहिल्या दिवसाचं सांगत होते. लंबू त्या दिवशीच कामावर परत आला होता, पट्टी निघालेली, हाताची कातडी अजून गुलाबी. त्याने आपला बिल्ला भाऊजींच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "पेलासाहेब, सांडू नका."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करायचं ते कळेना," भाऊजी म्हणाले. "तो हसला, मग मीही हसलो. आणि तो बाहेर येईपर्यंत दाराकडे बघत राहिलो."