वारं गेलं, म्हणे

अजूनही ताज्या रक्ताचा वास आला की मला ओकारी येते. रक्ताचा काय दोष? किळस माझी मलाच येते.

रविवारची सकाळ होती. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, ओट्यावर चहा पीत होते. आख्ख्या केडगाव पट्ट्यात बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सोसायटीची मीटिंग असो नाहीतर बांधावरचं भांडण, शेवटचा शब्द त्यांचाच. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते म्हणून मला ते ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायचे. त्या सकाळी त्यांच्या उजव्या हातातली कपबशी सुटली. तोंड वाकडं झालं. बोलायला गेले तर नुसती घरघर.

चुलत सासरे, आमचे आबा, धावत आले. “वारं गेलंय अंगावरनं! खिडक्या लावा, घोंगडी आणा!”

वारं! कसलं डोंबलाचं वारं? आदल्याच शुक्रवारी मी नववीच्या फळ्यावर मेंदू काढला होता. मोठा मेंदू, त्याच्या मागे खाली लहान मेंदू, मग मस्तिष्कपुच्छ आणि तिथून पाठीच्या कण्यात उतरणारा मेरुरज्जू. डावीकडून निघालेले तंतू लाल खडूने मानेच्या वर फुली मारून उजवीकडे नेले होते. उजवा हात डावा मेंदू चालवतो आणि बहुतेकांचं बोलणंही डावीकडेच असतं. हात आणि वाचा एकदम गेली तर बिघाड कुठं, हे माझ्या वर्गातली पोरंही सांगतील.

मी म्हटलं, “आबा, हे मेंदूत झालंय. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला पाहिजे.”

“पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ दे, सूनबाई. हात लुळा पडलाय, डोस्कं न्हाई.”

नवरा सणसवाडीला कंपनीत, फोन गेटवर जमा. मी एकदा बोलले आणि तोंड मिटलं. बारा वर्षं शिकवून एवढीच हिंमत! दीर मोटरसायकल घेऊन शिरूरच्या बाजूला गेला आणि दुपारी लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाला घेऊन आला. त्याच्या पिशवीत जिवंत कबुतर होतं. रक्त गरम असतानाच लुळ्या हाताला चोळायचं, म्हणे.

“धरा कुणीतरी,” तो म्हणाला.

“मास्तरीण धीट हाय,” आबा म्हणाले.

आणि मी धरलं. शी! मान कापल्यावरही ते पाय माझ्या मुठीत झाडत होतं. डोकं तुटलं तरी मेरुरज्जू काही वेळ हुकूम सोडत राहतो, हेसुद्धा मला पाठ होतं. आग लागो त्या पाठांतराला! त्या माणसाने ते चिकट रक्त आप्पांच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत फासलं. पिसं चिकटली, माश्या बसल्या. आप्पा चांगल्या असलेल्या डाव्या हाताने त्याला ढकलत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी नजर फिरवली.

शिफ्ट सुटल्यावर नवऱ्याचा फोन आला, तेव्हा कुठं गाडी ठरली आणि अंधार पडता पडता पुण्याला पोचलो. वाळलेलं रक्त बघून डॉक्टरांनी विचारलं, “हे काय आहे?” मी आप्पांच्या हातावरची पिसं उपटू लागले. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन चार-साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते म्हणाले. आमचे तेवढे तास कबुतर आणण्यात गेले होते.

याला दोन वर्षं झाली. आप्पांकडे आता एकच शब्द उरलाय: व्हय. चहा हवाय? व्हय. नकोय? व्हय. आबा अजून सांगतात, कबुतर जरा लवकर मिळायला हवं होतं. त्यांचं तोंड बघवत नाही मला. पण रक्त माझ्याही हाताला लागलं होतं, ते कुणाला सांगू?

मागच्या महिन्यात मी आप्पांचा उजवा हात कोमट पाण्यात धूत होते. घरात कुणी नव्हतं. विचारलं, “आप्पा, त्या दिवशी मी भांडायला पाहिजे होतं ना?”

“व्हय.”

“मग मला माफ केलंत का?”

“व्हय,” ते म्हणाले, अगदी त्याच सुरात. आणि डाव्या हाताने माझा हात ढकलून दिला.