अठ्ठ्याऐंशीच्या खाली

शिवलीलाबाईंना कारखान्यात कुणी प्रेमानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत त्या ब्याण्णव सालापासून वैद्यकीय बिलांच्या टेबलावर होत्या आणि मी शेजारी आवक-जावकला. कामगाराचं बिल आलं की त्या जाडजूड पुस्तक उघडून आजाराचा क्रमांक शोधायच्या, तो लाल शाईनं कोपऱ्यात घालायच्या आणि कागद विमा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला धाडायच्या. एक आकडा चुकला तरी पुण्याहून बिल परत यायचं. म्हणून कागदात खोट दिसली की बाई ते स्वतःच परत करायच्या, शेंगा सोलाव्यात इतक्या शांतपणे. माणसं तोंडावर शिव्या देऊन जायची.

"तुमच्या नेसरीकडची माणसं गोड असतात म्हणे," मी एकदा चिडवलं.

"गोड बोलून बिलं पास झाली असती तर तुम्हालाच बसवलं असतं या टेबलावर," त्या मान वर न करता म्हणाल्या.

साचे भरणारी आमची जुनी माणसं जन्मभर वाळूची धूळ खाऊन निवृत्त व्हायची आणि मग त्यांची फुप्फुसं हिशेब चुकता करायची. काहींच्या घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असे आणि त्याचं भाडं विमा कंपनी देई. पण दरवर्षी दाखला नव्यानं लागायचा. मशीन बंद करून माणसाला अर्धा तास बसवायचं, मग बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. अठ्ठ्याऐंशी किंवा त्याच्या खाली आला तर मशीन राहणार. एकोणनव्वद आला तर मशीन जाणार. या एका आकड्यावरून मी बाईंशी दोनदा भांडलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी मला नियम वाचून दाखवला.

दोन हजार चारच्या मार्चात, एका शुक्रवारी, विठाबाई आल्या. उचगावच्या केरबाची ही बायको. केरबानं आमच्याकडं एकतीस वर्षं साचे भरले होते.

"सोमवारी मशीन उचलाय येणार म्हणं! मग आमच्या माणसानं श्वास कुठनं घ्यायचा? तुमच्या ड्रॉवरातनं?" अख्खं ऑफिस बघायला लागलं.

बाईंनी फाइल काढली. दाखल्यावर ब्याण्णव होते. त्यांनी तो कागद जरा वेळ निरखला.

"मावशी, तपासायच्या आधी मशीन किती वेळ बंद होतं?"

"बंद कशापायी? रिक्षात बसंस्तोवर फुल सोडलंतं की! रिक्षात बी बारका सिलिंडर हुता. डॉक्टरफुडं माणूस जरा बरा दिसाय नगो? दाढी केली, नवा शर्ट घातला. अर्धा तास बसवलं का इचारलं, तर ह्यो गडी म्हणतोय, व्हय, कवाचा बसलोय."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग नियम समजावून सांगितला. विठाबाईंचा आवाज एकदम बसला. "म्हंजी आमीच घालवलं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या.

नवा दाखला पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. पुण्याचं ऑफिस सहाला फॅक्स बंद करायचं, आणि वाजले होते दोन. तेव्हा बारा वर्षांत मी जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं. शिवलीलाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या. मला म्हणाल्या, "जोतीरामभाऊ, स्कूटर काढा."

विठाबाई उचगावहून केरबांना रिक्षातून घेऊन आल्या आणि चार वाजता आम्ही सगळे राजारामपुरीतल्या दवाखान्यात होतो. नाकातली नळी काढून केरबा बाकावर बसले होते. विठाबाई बारका सिलिंडर पायांत धरून, त्याच्या चावीवर हात ठेवून बसल्या होत्या. अर्धा तास मी घड्याळाकडं बघत होतो आणि बाई केरबांच्या ओठांकडं.

"मामा, डॉक्टरांनी विचारलं तर झकास म्हणायचं नाही," त्यांनी बजावलं.

"मी कवा खोटं बोललोय?"

डॉक्टर आले. "काय केरबा, कसं काय?"

"एकदम झकास!" म्हाताऱ्यानं छाती काढली आणि भरभरून श्वास घेतला. मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

आकडा आला नव्वद. डॉक्टर भले होते, तरी त्यांनी मान हलवली. "जे आहे तेच मला लिहावं लागणार."

बाईंनी फॉर्म उलटा केला. "मागं आणखी एक रकाना आहे. ऑक्सिजनशिवाय, चालताना. तिथं अठ्ठ्याऐंशी आला तरी मशीन राहतं. तो भरलेला मी आजवर पाहिलेला नाही." त्या म्हणाल्या, "आणि मीही कधी कुणाला भरा म्हटलं नाही."

"यात धोका आहे. मी सांगेन तिथं थांबायचं," डॉक्टरांनी बजावलं.

"चालायचं? एवढंच व्हय?" केरबा उठलेसुद्धा. आणि चालले तेही कसे, कामावर घेताना साहेबांना चालून दाखवावं तसे ताठ. डॉक्टर चिमट्याकडं बघत बरोबर चालत होते. "एकोणनव्वद." व्हरांड्याचं टोक आलं. "एकोणनव्वद." केरबा वळले. त्यांचे ओठ जांभळे झाले होते आणि गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, पण तो मेला आकडा हलेना.

"आता पुरे," डॉक्टर म्हणाले.

"आणखी चार पावलं," शिवलीलाबाई म्हणाल्या. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. विठाबाईंनी अडवलं नाही. केरबांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

"सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. धरा, धरा त्यांना!"

आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. विठाबाईंनी चावी फिरवली, नळी नाकाला लावली. केरबांनी डोळे मिटले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग त्यांनी ते उघडले आणि तुटक आवाजात म्हणाले, "नापास झालो व्हय? आणि एक डाव बगा. आता दमानं चालतो."

डॉक्टरांनी चौऱ्याऐंशी लिहून सही केली. बाईंनी लाल शाईनं कोपऱ्यात क्रमांक घातला, तो वेडावाकडा आला. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून पावणेसहाला फॅक्स गेला आणि पोचल्याची पट्टी हातात आली. मशीन राहणार होतं. मी परत आलो तर बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होत्या, आणि विठाबाई शेजारी उभ्या होत्या.

"मावशी, मला माफ करा. मामा चालत होते तेव्हा मी महादेवाला म्हणत होते, खाली येऊ दे, आणखी खाली येऊ दे. माणसासाठी असं कुणी मागतं का?"

विठाबाईंनी आतल्या खुर्चीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"रडू नगासा, बाई. चाळीस वर्सं संसार केलाय त्येंच्यासंगं. मी बी जोतिबाला त्येच मागत हुतो."