आत्याच्या घोडीचं वय

माझी आत्या माणसाशी बोलतानासुद्धा आधी त्याचे दात बघते. चाळीस वर्षं घोडेस्वारीच्या शाळेत तबेला सांभाळतेय, आणि दातांवरून घोड्याचं वय सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. "शिंगराचे दुधाचे दात अडीच वर्षांनी पडायला लागतात, मधली जोडी आधी," ती मला ऐकवायची. "पाचव्या वर्षी पक्क्या दातांनी तोंड भरतं. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात. आठ-नऊ वर्षांत सपाट!" माझा नवरा मला बघायला आला तेव्हा तिनं त्याला 'आ' करायला लावलं नाही, हेच माझं नशीब.

गेल्या वर्षी शाळेच्या नव्या मालकिणीनं फर्मान काढलं: पंधरा वर्षांवरचं जनावर विकून टाकायचं. घेणारा कोण, तर खाटीक! जुनी कागदपत्रं कुणाकडेच नव्हती, म्हणून वय तपासायला जनावरांचे डॉक्टर येणार होते. आत्याची लाडकी करडी घोडी विसाची. घाबरट मुलांना पहिल्यांदा पाठीवर घ्यायची ती हीच.

मग या शहाणीनं काय करावं? केसांना लावायचा कलप घेतला आणि घोडीच्या खालच्या सहाही दातांवर बारीक ब्रशनं खळगे रंगवले. मी दोरी धरून उभी.

"आत्या, अगं वेड लागलंय का तुला?"

"गप गं! सात वर्षांची दिसतेय का, ते सांग."

डॉक्टर आले. घोडीचा ओठ उचलला. दात चांगले लांब, पुढे कललेले, वरच्या कोपऱ्यातल्या दातावर म्हातारपणाची खाच हिरडीपासून टोकापर्यंत. ही खाच मला शिकवणारी बाई स्वतःच ती विसरली होती, बोला! डॉक्टरांनी खालच्या दातांवर अंगठा फिरवला. अंगठा काळाकुट्ट.

आत्याचा धीर सुटला. "विसाची आहे हो, डॉक्टर. मीच रंगवलेत," ती हळूच म्हणाली. "हिचा पहिला दुधाचा दात माझ्या ओंजळीत पडलाय. नाही देणार मी हिला!" आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"काय निघालं हो वय?" मालकिणीनं ऑफिसातून हाक दिली.

डॉक्टरांनी रुमालाला अंगठा पुसला. "सात!" ते ओरडले. मग आत्याकडे वाकून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी आठचीच करा हं. सहाची केलीत, तर माझी नोकरी जाईल."