सावंत सरांचे बूट

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. रविवारी डोंगरात जायचं, सोमवारी मस्टरवर सही करता करता सांगायचं, आणि बुधवारपर्यंत त्यात साप, वाघ काय काय घुसायचं! मी सांगतोय ते साप-वाघ वगळून. शप्पथ!

आम्ही चौघे. भूगोलाचे सावंत सर, मराठीचे जोशी सर, चित्रकलेचा मी, आणि सावंत सरांचा जुना विद्यार्थी, गास गावचा विन्सेंट. त्याची केळीची बाग, थोडं भात. सावंत सरांची बायपास झाली तेव्हा वाटलं, संपलं यांचं भटकणं. पण डॉक्टरच म्हणाले, "चालत राहा." सहा महिन्यांनी सर तुंगारेश्वरच्या डोंगरावर निघाले.

"डॉक्टर चाला म्हणाले, चढा नाही!" सावंत वहिनी कडाडल्या.

"अगं, चढणं म्हणजे तिरकं चालणंच की!"

वहिनींनी सोडलं, पण अट घातली. "एकदा जरी भानगड झाली, तर हे बूट भंगारवाल्याला!" त्या कॅनव्हासच्या बुटांवर सरांचा जीव. मला म्हणाले, "घरात बसवलं ना, तर मी जगलो काय नि न जगलो काय."

*

तुंगारेश्वरलाच माकडाने सरांची गोळ्यांची डबी पळवली. माकडाने फांदीवर बसून डबी उघडली, एक गोळी चावली आणि थू करून टाकली. विन्सेंटने केळं दाखवलं, तेव्हा कुठे डबी खाली आली. हुश्श!

सर म्हणाले, "बघा, माकडालासुद्धा कळतं. तुमच्या वहिनींना कोण सांगणार?"

*

कामणच्या डोंगरावर ऊन मी म्हणत होतं. विन्सेंट म्हणाला, "थांबा, जरा पानी पितो."

जोशी सरांना राहवेना. "पानी नाही रे, पाणी! ण, ण!"

विन्सेंटने शांतपणे बाटलीचं झाकण उघडलं. "सर, तुमचं पाणी कधीच संपलं. माझ्याकडं पानी आहे. देऊ?"

जोशी सर अर्धी बाटली प्यायले. व्याकरण त्या दिवशी परत निघालं नाही.

*

माणिकपूरला जोशी सरांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तारे बघायला जमलो होतो. सावंत सर डोळ्याला दुर्बीण लावून म्हणाले, "अहाहा! काय दिसतेय रोहिणी!"

मागे सोसायटीचे सेक्रेटरी उभे. "कुठल्या विंगमधली?"

प्रकरण वहिनींपर्यंत गेलं. बूट गेलेच, असं आम्ही धरून चाललो. पण वहिनींनी सेक्रेटरींना ठणकावलं, "अहो, ह्यांना समोरच्या ताटातलं मीठ दिसत नाही. बाई कुठली दिसायला!" सरांना इतकं हायसं वाटलं की अपमान लक्षातच आला नाही.

*

मग ती नाताळाच्या आधीची संध्याकाळ. विन्सेंटने कळंबच्या खाडीवर ओळखीच्याची होडी मागून आणली. वहिनी स्वतः पहाऱ्याला आल्या, पण होडीत बसल्या नाहीत. "मी काठावर बरी."

खाडीत वल्हवता वल्हवता अंधारून आलं. दोन्हीकडे तिवरं सारखीच. सरांनी क्षितिजाजवळचा ठळक तारा दाखवला. "शुक्र! म्हणजे ती पश्चिम. त्याच्याकडे पाठ करून वल्हवा, काठावरचा धक्का येईल."

तीस वर्षं दिशा शिकवलेला माणूस. आम्ही वल्हवलं. धक्का काही येईना.

"सर, शुक्र बारीक होतोय," जोशी सर म्हणाले.

"ग्रह आहे तो. असं होतं."

तेवढ्यात शुक्र विझला.

विन्सेंटने वल्हं थांबवलं. "सर, शुक्राची लाईट गेली. लोडशेडिंग. तो गावातला नाताळचा तारा होता."

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. सरांचा हात छातीवर. इतक्यात लांबून आवाज आला, "अहोऽऽ! गोळीची वेळ झाली!"

देवा! त्या आवाजावर आम्ही होडी आणली. दर दोन मिनिटांनी गोळीची आठवण, आणि दर दोन मिनिटांनी काठ जवळ. उतरल्यावर विन्सेंटने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मी चिखलातच बसलो.

वहिनींनी सरांना गोळी दिली. मग चिखलाने भरलेले बूट काढायला लावले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले.

पुढच्या रविवारी माणिकपूरच्या रिक्षास्टँडवर सर चपला घालून आले. मी विचारलं, "भंगारात?"

सरांनी नुसता अंगठा मागे केला. मागून वहिनी येत होत्या. पदर खोचलेला, पायात सरांचे बूट.

"वहिनी, मोठे होतात की!" विन्सेंट म्हणाला.

"पुढे मोजे कोंबलेत. डॉक्टर चाला म्हणालेत ना? मग चला!"