नॉर्मचा साडेनऊ किलोचा मासा

डल्सी हार्गनला वय विचारलं की ती "साठीच्या आसपास" म्हणायची. सत्तरी उलटली तरी आसपासच! केकचं पीठ मात्र ग्रॅमवर मोजायची. धक्क्यावरच्या मासेमारी क्लबचा वजनकाटा तिच्याच ताब्यात. पोरांनी बोटभर मासा आणला तरी ओरडणार, "अर्धा किलो! सरका, राक्षस आलाय!" मोठ्यांचा मासा असला की वजन जवळच्या अर्ध्या किलोला धरून पुकारायची. तो आवाज वारा कापत थेट क्लबच्या बारमध्ये जायचा. तिथं मिक पेंटर विक्रमांच्या फळ्यावर नावापुढे फक्त पूर्ण किलो रंगवायचा. अर्धा आला की पुढच्या किलोवर चढवायचा. शिडीवर लटकून अपूर्णांक कोण काढत बसणार?

फळ्यावर सगळ्यात वर होते 'दहा किलोवाले'. तिथं नाव लागावं म्हणून डल्सीचा धाकटा भाऊ नॉर्म उभा जन्म गळ टाकून बसला होता.

त्या रविवारी त्यानं दांडगा मासा आणला. काटा नऊ किलो चारशे साठ ग्रॅमवर थांबला. डल्सी सवयीनं ओरडली, "साडेनऊ!" मिकनं सवयीनं वर चढवलं. नॉर्म दहात!

डल्सी काटा सोडून बारमध्ये आली, तेव्हा तो फळ्याखाली उभा राहून डोळे पुसत होता.

"नॉर्म, जरा बाहेर ये."

"आत्ता? अगं, फोटो काढतायत माझा!"

"दहाचा नाहीये रे तो. काट्यावरून सरळ पूर्ण किलोत धरला तर नऊच. थोडा मी फुगवला, उरलेला मिकनं."

नॉर्मनं दारातून आतल्या फळ्याकडे बोट दाखवलं.

"तुझी साठी चालते, माझे दहा चालत नाहीत होय?"

"माझ्या वयाचा फळा नाही टांगलेला कुठं."

त्याला हसू फुटलं. नाक पुसत तो आत गेला. "मिक, पूस ते! खाली नऊच्या रांगेत घाल. पण ग्रॅमसकट."

"ग्रॅम? शिडीवर?"

"शिडी मी धरतो ना, बाबा!"

अख्ख्या फळ्यावर ग्रॅम असलेली ओळ तेवढी एकच. ती जरा तिरकी आलीय, कारण शिडी धरणारा सारखा मान वर करून बघत होता.