बटणावरचा हात

शाळेत त्याला सगळे पट्टी म्हणत. समासाची रेघ केसभर तिरकी गेली तरी तो पान फाडायचा, आणि मी रागावले की म्हणायचा, "पण बाई, तिरकं आहे ते." आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि एका छापखान्यात संगणकावर औषधांची लेबलं, पावतीपुस्तकं, खोक्यांवरचे मजकूर मांडतो. मालक म्हणतो, "ह्याच्या हातून चूक सुटत नाही आणि कामही सुटत नाही."

त्याची बायको शिवणकाम करायची. दोन वर्षांपासून तिला विसर पडू लागला. आधी मापं, मग गिऱ्हाइकांचे चेहरे, मग चहा झाल्यावर गॅस बंद करणं. दोनदा घरभर वास पसरला. पट्टी कामावर जाताना सिलिंडर बंद करू लागला, तर ती दिवसभर शेगडीची बटणं फिरवत राहायची, आणि संध्याकाळी ह्याने सिलिंडर उघडला की दोन्ही बर्नरमधून भसाभसा गॅस. शेवटी तो उपायही त्याने सोडला. सोबतीला मदतनीस ठेवली, तिला चोर समजून हिने हाकलून दिलं.

मुलगी दूरच्या शहरात. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, आता एकदा जरी असं झालं ना, तर मी आईला घेऊन जाणार."

"तिकडे तिला करमत नाही गं. मागे आठवडाभर रडत होती."

"रडू दे. निदान जिवंत राहील."



शेगडीजवळ 'गॅस बंद कर' अशा चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. बायको त्या मोठ्याने, स्वच्छ उच्चारात वाचायची आणि पुढे निघून जायची. पण तो समोर केस विंचरू लागला की तीही विंचरायची, त्याने चपला घातल्या की तीही घालायची. सांगितलेलं पोहोचत नव्हतं, पाहिलेलं पोहोचत होतं. म्हणून त्याने हलतं चित्र करायचं ठरवलं.

"जन्मभर जागचं न हलणारं छापलं, बाई. आता म्हातारपणी सिनेमा काढतोय," तो म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्याने हात बटणावर ठेवला, थोडासा फिरवून थांबला, मी फोटो काढला. पुन्हा थोडासा, पुन्हा फोटो. असे आठ.

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने ते आठही संगणकावर एकावर एक रचले, काचेवर काच ठेवावी तसे. वरचा फोटो फिकट करून खालच्याशी जुळवला, नाहीतर शेगडीच उड्या मारत होती. पहिल्यांदा हात फार झटक्यात फिरला. मागे उभा असलेला मालक म्हणाला, "अरे, वहिनींना गॅस बंद करायला शिकवतोयस की डास मारायला?" मग त्याने एकेक चित्र सेकंदभर थांबवलं.

रविवारी जुना टॅब शेगडीशेजारी उभा केला. ती निरखून म्हणाली, "हा तुमचा हात." आणि स्वतःचा हात बटणावर ठेवून सावकाश फिरवला. बंद! पट्टीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल लागला होता.

तेवढ्यात चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बटण उघडं, त्यावर हात. तिने बटण उघडलं. मग बंद केलं. मग उघडलं. चौथ्या खेपेला त्याने तिचं मनगट धरलं.

"अगं, बस झालं."

"तुम्हीच तर करताय!"

छापलेल्या कागदाला शेवट असतो. फिरून पहिल्यापासून सुरू होणारं काम त्याने कधी केलंच नव्हतं. त्याने चित्र एकदाच फिरून थांबेल असं केलं. सोमवारी तिचा चहा उकळल्यावर ते सुरू करून दिलं आणि कामावर गेला. दुपारी आला तेव्हा गॅस बंद होता, चहा पातेल्यात गार, आणि ती बटणावर हात ठेवून उभी. पाय सुजलेले.

"कधीपासून उभी आहेस?"

"तुम्ही हात कुठे काढलात अजून?"

हात मागे घेतल्याचे फोटो काढायचे राहूनच गेले होते. संध्याकाळी आम्ही आणखी चार काढले. मंगळवारी सकाळी तिने बटण बंद केलं आणि खोलीत जाऊन बसली. पण अकराच्या सुमारास तिला पुन्हा चहा हवासा वाटला. चित्र तर सकाळीच फिरून थांबलेलं. ते पुन्हा सुरू करायला बोट कुठे लावायचं, हे तिला काही केल्या लक्षात राहत नव्हतं. वास जिन्यातून खाली आला. मी माझ्याकडे ठेवलेली त्यांची किल्ली घेऊन वर गेले. चहा उतू जाऊन आच विझली होती. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ती खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होती. "या ना बाई, चहा टाकलाय," म्हणाली.

फोन केल्यावर तो धावतच आला. टॅब मांडीवर घेऊन बसला.

"फिरतं ठेवलं तर ती उघडत बसणार. एकदाच ठेवलं तर हवं तेव्हा नसणार. दोन फेऱ्यांमध्ये कितीही विश्रांती दिली, तरी हिचा चहा कधी उकळणार हे चित्राला कसं कळणार, बाई?"

त्याने स्वतःच मुलीचा नंबर लावला.

शनिवारी मुलगी आली. आईचे कपडे घड्या घालून भरले, औषधं दोनदा विचारून घेतली. खाली गाडीत बसल्यावर आईने काचेतून विचारलं, "अहो, तुम्ही?"

"मी येतोच मागून," पट्टी म्हणाला.

ती लगेच सरकून बसली, शेजारी त्याच्यापुरती जागा ठेवून. मुलगी हातातली पिशवी तिथे ठेवणार होती. मग तिने ती पायांपाशी घेतली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.