मोटर उचलत नाही

आमच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर घुमतो आणि टक् करून गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मेकॅनिकने रिले बदलून पाहिला, कॉम्प्रेसरला हात लावला, तर चटकाच बसला. "करंट पोचतोय ताई, पण मोटर उचलत नाही. उगाच झटू देऊ नका, बंदच ठेवा."

मी बटण बंद केलं. घर शांत झालं, तसा आतून बाबांचा आवाज आला. अर्धांगवायूनंतर ते माझं नाव घ्यायला बघतात. पहिलं अक्षर घशात घुमतं, मान थरथरते, सगळं थांबतं. मग पुन्हा. आत सगळं पोचत असेल का?

मेकॅनिकचं बोलणं आईनेही ऐकलं होतं. तिने बाबांचं तोंड पुसलं. "राहू द्या आता. नका बोलू."

आयुष्यात पहिल्यांदाच बाबांनी तिचं ऐकलं.